एकेकटी वाचू नयेत अशी पुस्तके : आरंभीच्या अमेरिकेवरील कादंबऱ्या आणि १३ वर्षांची वाचक

अमेरिकेच्या आरंभीच्या काळावर मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या एकेकट्या वाचू नयेत, जोडीने वाचाव्यात, असे माझ्या १३ वर्षांच्या भाचीचे ठाम मत आहे. ती वाचून संपवील ते पुस्तक तिच्यामागोमाग मी वाचत गेले आणि ते मत मलाही पटले. ही सर्व पुस्तके इंग्रजीत आहेत, साधारण १० ते १४ वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली आहेत आणि त्यांतील काही तर अमेरिकी शाळांत पिढ्यानपिढ्या वाचली जात आहेत. त्यामुळे त्यांची गुणवत्ता नव्याने सांगण्यापेक्षा, इतिहासाची पुरेशी माहिती नसलेल्या पण चिकित्सक वाचकाला ती कशी वाटतात, हे नोंदवणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

सुरुवात एस्थर फोर्ब्स यांच्या 'जॉनी ट्रिमेन'पासून झाली. ही कादंबरी १९४३ साली प्रसिद्ध झाली आणि तिला अमेरिकी बालसाहित्यातील मानाचे न्यूबेरी पदक १९४४ साली मिळाले. त्याआधी लेखिकेने पॉल रिव्हिअर या बॉस्टनमधील चांदीच्या कारागिराचे चरित्र लिहिले होते आणि त्याला इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक लाभले होते. त्या अभ्यासाची शिदोरी कादंबरीच्या पहिल्या प्रकरणापासून पुरलेली दिसते. १७७३ साली १४ वर्षांचा जॉनी लॅपॅम या वृद्ध कारागिराकडे काम शिकतो आहे. त्याचा हात कसबी आहे, जीभ तिखट आहे आणि ऐट तर विचारूच नये. रविवारी काम करण्यास कायद्याने बंदी असताना एका तातडीच्या कामासाठी भट्टी पेटवली जाते, दुसऱ्या शिकाऊ मुलाने खोडसाळपणे हाती दिलेली तडकलेली मूस फुटते आणि चांदीच्या रसाने जॉनीचा उजवा हात कायमचा अधू होतो. नियमभंग उघडकीस येऊ नये म्हणून जाणत्या डॉक्टरऐवजी सुईणीला बोलावले जाते, आणि हात बिघडतो तो त्यामुळेच.

हा भाग भाचीने दोनदा वाचला. शिकाऊ मुलाला करारानुसार वर्षानुवर्षे मालकाच्या घरी राहावे लागे, कामाबद्दल पगार नसे, जेवण, कपडे आणि विद्या एवढाच मोबदला असे, ही माहिती तिला कोणत्याही तळटीपेशिवाय कळली. हात गेला म्हणजे जॉनीचे नेमके काय गेले, हेही कोणी समजावून सांगावे लागले नाही. मात्र पुस्तकाच्या उत्तरार्धाविषयी ती नाराज आहे. जॉनी एका वृत्तपत्राचे अंक घोड्यावरून पोहोचवू लागतो आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळात वावरू लागतो. तिथे सॅम्युअल ॲडम्स, जॉन हॅनकॉक, डॉक्टर जोसेफ वॉरन, पॉल रिव्हिअर अशी एकापेक्षा एक मोठी माणसे एका माळ्यावर जमतात. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ब्रिटिश कराच्या निषेधार्थ चहाच्या ३४२ पेट्या बॉस्टनच्या बंदरात फेकल्या गेल्या, तो प्रसंगही येतो. "मावशी, चांदीचं काम चालू होतं तोवर मला जॉनी दिसत होता; पुढे तो नुसता सगळ्या महत्त्वाच्या ठिकाणी हजर राहतो," असे ती म्हणाली. या कादंबरीवरील याहून नेमकी टीका माझ्या वाचनात आलेली नाही. हे पुस्तक दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना लिहिले गेले, हे लक्षात घेतले की त्यातील लढ्याविषयीच्या निःशंक अभिमानाचा थोडा उलगडा होतो, पण वाचताना जाणवणारी पोकळी त्याने भरून निघत नाही.

त्या उत्तरार्धात लिडिया नावाची एक कृष्णवर्णीय धोबीण येते. ब्रिटिश अधिकारी उतरलेल्या खानावळीत ती कपडे धुते आणि त्यांच्या खोल्यांतील कागदांचे कपटे जॉनीच्या हाती पोहोचवते. पुस्तकाच्या दृष्टीने ती उपयोगी आहे, चतुर आहे आणि तेवढीच आहे. तिच्या आयुष्याविषयी वाचकाला जवळजवळ काहीच कळत नाही. भाचीने मला लिडियाविषयी विचारले तेव्हा उत्तर देण्याऐवजी मी तिला लॉरी हॉल्स अँडरसन यांचे 'चेन्स' दिले.

'चेन्स' २००८ साली प्रसिद्ध झाले आणि त्या वर्षीच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होते. काळ १७७६ चा, स्थळ प्रामुख्याने न्यूयॉर्क. ऱ्होड आयलंडमधील १३ वर्षांची इझाबेल आणि तिची लहान बहीण रूथ यांना मालकिणीने मृत्युपत्राद्वारे मुक्त करण्याचे वचन दिलेले असते. मालकिणीच्या मृत्यूनंतर तिचा वारस ते कागद शोधण्याची तसदीही न घेता दोघींना विकून टाकतो. त्या लॉकटन नावाच्या राजनिष्ठ, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूच्या, कुटुंबात येऊन पडतात. शहरात बंडखोरांचे सैन्य आहे, समुद्रावर ब्रिटिश आरमार येऊ घातले आहे, आणि इझाबेलला रोज पहाटे उठून चूल पेटवायची आहे, मजल्यांवर पाणी चढवायचे आहे, टी वॉटर पंप या पिण्याच्या पाण्याच्या पंपावर रांगेत उभे राहायचे आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची हकिगत पाणी भरणाऱ्या मुलीच्या नजरेतून सांगितल्यामुळे ती किती वेगळी होते, याचे हे पुस्तक उत्तम उदाहरण आहे. बंडखोरांना इझाबेलकडून हेरगिरी हवी असते. त्याबदल्यात सुटकेचे आश्वासन मिळते आणि ते हवेत विरते. मग ती ब्रिटिशांकडे वळते. व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीरनामा काढून, बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र उचलतील त्यांना मुक्त करू, असे म्हटले होते, आणि त्याची बातमी सर्व वसाहतींत पसरली होती. परंतु इझाबेलचे मालक राजनिष्ठ आहेत, म्हणून ही सवलत तिला लागू नाही, असे तिला सांगण्यात येते.

या प्रसंगावर भाचीने जो विचार केला तो मला सुचला नव्हता. तिने 'जॉनी ट्रिमेन' पुन्हा काढले आणि तारखा जुळवायला बसली. जॉनीची गोष्ट एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनच्या, म्हणजे युद्धाला तोंड फोडणाऱ्या, चकमकीपाशी संपते. बंदूक धरता यावी म्हणून त्याच्या हातावर डॉक्टर वॉरन शस्त्रक्रिया करणार आहेत, आणि खुद्द वॉरन जूनमध्ये बंकर हिलच्या लढाईत मारले गेले, हे तिने कुठेतरी वाचून ठेवले होते. १७७६ च्या वसंतात वॉशिंग्टनचे सैन्य बॉस्टनहून न्यूयॉर्कला गेले. म्हणजे जॉनी सैन्यात भरती झाला असता, तर त्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कमध्येच असता आणि इझाबेल बादल्या घेऊन त्याच्या शेजारून गेली असती. त्याने तिच्याकडे पाहिले असते का, यावर आमचा बराच वाद झाला. तिचे म्हणणे असे की लिडियाकडे पाहिले तसे पाहिले असते, म्हणजे काम असेल तर.

'चेन्स'विषयी तिची एक तक्रार मला महत्त्वाची वाटते. लॉकटनबाई इतकी क्रूर रंगवली आहे की वाचकाला सगळा राग तिच्यावर काढून मोकळे होता येते. इझाबेलच्या गालावर उद्धटपणाची खूण म्हणून अक्षर डागले जाते, तो प्रसंग तर भयंकरच आहे. पण भाचीला खरी भीती वाटली ती लॉकटनच्या वयस्कर आत्याची. लेडी सीमोर सुसंस्कृत आहे, इझाबेलशी मायेने बोलते, तिला खाऊपिऊ घालते; आणि तरीही मुलीला विकत घेणे याहून वेगळा काही उपाय तिच्या मनाला शिवत नाही. चांगल्या स्वभावाची माणसे वाईट व्यवस्थेत किती निवांत राहू शकतात, हे लेखिकेने या पात्रातून दाखवले आहे, आणि ते इतक्या हलक्या हाताने की घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटावे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्या काळच्या पत्रांतील, वृत्तपत्रांतील किंवा जाहिरातींतील उतारा दिला आहे. ते उतारे भाची सुरुवातीला वगळत होती; नंतर, पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती प्रत्यक्षात छापल्या जात हे कळल्यावर, मागे जाऊन तिने ते सर्व वाचले.

याच लेखिकेचे 'फीव्हर १७९३' हे २००० सालचे पुस्तक तुलनेने सोपे आणि वेगवान आहे. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी होती. सुमारे ५०,००० वस्तीच्या त्या शहरात पीतज्वराने काही महिन्यांत ५,००० च्या आसपास माणसे दगावली. १४ वर्षांची मॅटी कुक आणि तिच्या आईचे कॉफीगृह यांच्याभोवती कथानक फिरते. रोगाचे कारण धक्क्यावर कुजत पडलेली कॉफी आहे, असे शहरातील जाणती माणसे मानत होती; डॉक्टर बेंजामिन रश रुग्णांचे रक्त काढत होते आणि पाऱ्याचे जुलाब देत होते. डास हे खरे कारण आहे हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावे लागले. पात्रांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, या जाणिवेने भाची इतकी अस्वस्थ झाली की पाण्याच्या पिंपांचे प्रत्येक वर्णन तिने मला मोठ्याने वाचून दाखवले. मॅटीपेक्षा तिला कॉफीगृहात स्वयंपाक करणारी एलायझा ही स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री अधिक आवडली. एलायझा फ्री आफ्रिकन सोसायटी या कृष्णवर्णीयांच्या परस्परसाहाय्य संस्थेच्या वतीने रुग्णांची सेवा करते. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही, असे रश यांनी सांगितले होते आणि ते चूक होते. सेवा करणाऱ्यांपैकी अनेकजण त्यात मेले. पुढे मॅथ्यू केरी या प्रकाशकाने त्यांच्यापैकी काहींवर पैसे उकळल्याचा आणि चोरीचा आरोप केला, तेव्हा त्या सोसायटीचे संस्थापक ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांनी १७९४ मध्ये पुस्तिका छापून हिशेबासकट उत्तर दिले. या कादंबरीची जोडी म्हणून मी ती पुस्तिकाच सुचवीन. ती छोटी आहे, भाषा जुनी असली तरी मोठ्यांच्या मदतीने मुलांना वाचता येते.

तिसरी जोडी सर्वांत अवघड गेली. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या १९३५ सालच्या 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी'मधील घरबांधणीची वर्णने, विशेषतः खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या वापरून केलेला दरवाजा, भाचीला मनापासून आवडली. परंतु ते घर कॅन्सासमध्ये ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या भूमीवर बांधले जात होते. मूळ आवृत्तीत त्या प्रदेशात माणसे नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे तेथील मूळ रहिवासी) होते, अशा अर्थाचे एक वाक्य होते. वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ मध्ये प्रकाशकाने ते बदलले. २०१८ मध्ये अमेरिकी ग्रंथपालांच्या संघटनेने लेखिकेच्या नावे असलेल्या पुरस्काराचे नावही बदलले. हे सांगितल्यावर भाची पुस्तक मिटून ठेवील असे मला वाटले होते. तिने ते पूर्ण वाचले, मात्र दरवाजाची खुंटी आता वेगळी दिसते, असे ती म्हणाली.

त्यानंतर लुईस अर्ड्रिक यांचे १९९९ सालचे 'द बर्चबार्क हाऊस' तिच्या हाती दिले. स्वतः ओजिब्वे या मूळ अमेरिकी जमातीच्या वंशाच्या असलेल्या या लेखिकेने लेक सुपीरिअरमधील मॅडेलिन बेटावर १८४७ मध्ये राहणाऱ्या ओमाकायास या सात वर्षांच्या मुलीचे एक वर्ष चार ऋतूंत मांडले आहे. आरंभी पुस्तक संथ आहे आणि भाचीने तशी कुरकुर केलीही. पण मेपलचा रस आटवून साखर करणे, मूस या मोठ्या हरणाचे कातडे खरवडण्याचा ओमाकायासला येणारा कंटाळा, धाकट्या भावाचा सतत होणारा त्रास, यांतून ते घर हळूहळू ओळखीचे होते, आणि म्हणूनच हिवाळ्यात देवीची साथ त्या घरात शिरते तेव्हा वाचकाला ती सहन होत नाही. भाचीने त्या प्रकरणात पुस्तक खाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुढे वाचले.

एलिझाबेथ जॉर्ज स्पिअर यांच्या 'द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड'ला मात्र अद्याप जोडी सापडलेली नाही. १९५८ सालची ही कादंबरी १६८७ च्या कनेटिकटमध्ये घडते. बार्बाडोसहून आलेल्या, पोहता येणाऱ्या किट टायलरवर चेटकिणीचा संशय येतो. कथानक अतिशय रंगतदार आहे आणि भाचीने ते एका बैठकीत संपवले. तरीही किट तिला त्या शतकातली वाटली नाही. जहाजाच्या भाड्यासाठी तिने स्वतःच्या मालकीची गुलाम मुलगी विकली, हे सुरुवातीला येऊन जाते आणि पुढे त्याची आठवण कोणी काढत नाही. ती विकलेली मुलगी कुठे गेली, ही कादंबरी कोणी लिहिली आहे का, असे भाचीने विचारले आहे. मी शोधते आहे.

खरेदी करणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक सूचना. 'चेन्स' १२ वर्षांखालील मुलांना एकट्याने वाचायला देऊ नये. डागण्याचा प्रसंग आणि युद्धकैद्यांच्या उपासमारीची वर्णने सौम्य केलेली नाहीत. अँडरसन यांच्या दोन्ही पुस्तकांच्या शेवटी खरे काय आणि कल्पित काय याविषयीचे टिपण आहे. ते आधी न वाचता नंतर वाचावे, कारण त्यात कथानक उघड होते. 'चेन्स'चे पुढचे भाग 'फोर्ज' आणि 'ॲशेस' अनुक्रमे २०१० आणि २०१६ मध्ये आले आहेत. 'फोर्ज' व्हॅली फोर्ज येथील वॉशिंग्टनच्या सैन्याच्या हिवाळी छावणीत घडते आणि त्याचा निवेदक इझाबेल नसून तिचा मित्र कर्झन आहे, यावर भाची सध्या थोडी रुसली आहे, पण वाचन थांबलेले नाही.