कपिलेश्वर पुलापलीकडचं रेकॉर्डींचं दुकान

दुकानाला पाटी नाही. बेळगावात कपिलेश्वरचा उड्डाणपूल उतरून शहापूरच्या बाजूला गेलं की एका गल्लीत मिक्सर, इस्त्र्या आणि पोट उघडलेले टीव्ही रचून ठेवलेले दिसतात, तेच. कुणालाही ‘रेडिओवाले मामा’ म्हणून विचारा. रेकॉर्डी मागच्या खोलीत आहेत, थोड्या पोटमाळ्यावर. आपणहून मामा त्याबद्दल काही बोलत नाहीत. वर्षानुवर्षं मिक्सर दुरुस्तीला टाकणाऱ्या बायकांनाही मागं काय आहे ते ठाऊक नाही.

जुनं रॉक शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. दुकान रॉकचं नाही. बहुतेक माल नाट्यसंगीत, भीमसेन जोशी, राजकुमारांचे कन्नड सिनेमे आणि हिंदी गाणी. कुमार गंधर्वांना स्वतंत्र फळी आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचे, म्हणजे आपलेच, आणि त्या फळीवरचा भाव मामा कुणालाही सांगत नाहीत, आधी माणूस बघतात. इंग्रजी रेकॉर्डी खिडकीखालच्या खोक्यांत. त्यातही जिम रीव्हज, बोनी एम आणि अब्बा इतके की बोटं दमतात. मग अचानक डीप पर्पल निघतं. पिंक फ्लॉइड निघतं. एकदा बीटल्सची जवळजवळ सगळी उतरंड एकाच घरातून आली होती.

बेळगावात हा माल कुठून येतो, असं पुण्यातले मित्र विचारतात. कॅम्पातून, अजून कुठून? लष्करी अधिकाऱ्यांची बदली व्हायची तेव्हा जड सामान इथंच राहायचं. जुने बंगले आवरताना तेच आता बाहेर पडतंय. शिवाय चोर्ल्याच्या घाटानं गोवा जवळ, तिथल्या नातेवाइकांकडून आलेल्या पेट्या आहेत. मेडिकल कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांच्याही आहेत. कव्हरवर निळ्या शाईत मालकाचं नाव, खाली गाव आणि साल. काहींवर बायकोला किंवा होणाऱ्या बायकोला लिहिलेल्या दोन ओळीसुद्धा असतात. त्या मी वाचते. वाचू नये, पण वाचते.

भाव पेन्सिलीनं कव्हरच्या आत लिहिलेला असतो. भारतात छापलेल्या रॉक रेकॉर्डी साधारण ५०० ते १,५०० रुपयांत, पिंक फ्लॉइड त्याच्या वर. बाहेरून येणाऱ्या नव्या आवृत्त्या मामा ठेवत नाहीत. त्या ऑनलाइन घ्यायच्या तर एकीला ३,००० सहज जातात. घासाघीस नाही. मी एकदा प्रयत्न केला तर म्हणाले, “राहू द्या की ओ ताई, तुम्हाला नको असेल तर दुसरं कोण तरी नेतंय.” आणि खरंच दुसरं कुणीतरी नेलं.

आता या दुकानाला मी पैकीच्या पैकी गुण का देते ते सांगते. मामा प्रत्येक रेकॉर्ड लावून दाखवतात. एखादं कडवं नाही, पाहिजे तर अख्खी बाजू. स्टूल देतात, स्वतः सोल्डरिंग करत बसतात. आणि न विचारता सांगतात: “ही नका घेऊ. दिसायला नवी, पण कुणीतरी जड सुईवर वाजवून मारलेली आहे.” गिऱ्हाइकाला माल घेऊ नका म्हणणारा दुकानदार मी उद्यमबागेत इतकी वर्षं खरेदी-विक्री बघूनही फारसा पाहिलेला नाही.

मी तिथे एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. हायड्रॉलिकचे सुटे भाग मायक्रॉनमध्ये मोजण्यात दिवस जातो, त्यामुळे रेकॉर्ड हातात आली की आधी गाण्याचं नव्हे, घडणीचं बघते. रेकॉर्ड म्हणजे शेवटी प्रेसवरचं काम. पीव्हीसीचा गरम गोळा, वर-खाली निकेलचे साचे. वाफेनं तापवायचं, दाबायचं, लगेच पाण्यानं थंड करायचं. साचा झिजला की खाच बोथट होते. भोक नेमकं मध्यावर पडलं नसेल तर सुईचा हात हळूहळू डावी-उजवीकडे झुलतो आणि लांब सूर वरखाली हलतो. गिटारच्या गोंगाटात हे लपून जातं, पियानोत लपत नाही. म्हणून पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) घेताना मी पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं लावायला सांगते. रिचर्ड राइटचा पियानो सुरू होतो आणि भोक मध्यावर आहे की नाही ते लगेच कळतं.

शेवटचं गाणं लावायला सांगण्याचं दुसरंही कारण आहे. सुई बाहेरच्या कडेकडून आत येते, म्हणजे शेवटचं गाणं सगळ्यात आत. फिरण्याचा वेग तोच, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २० च्या आसपास. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला. रेकॉर्ड वाईट वापरली असेल तर ‘स’ आणि ‘श’ तिथे आधी फाटतात. डीप पर्पलची ‘मशीन हेड’ (१९७२) बघा. सगळ्यांना हवं असलेलं ‘स्मोक ऑन द वॉटर’ दुसऱ्या बाजूला अगदी बाहेर आहे, ते जवळपास कुठल्याही प्रतीवर बरं वाजतं आणि गिऱ्हाईक तेवढ्यावर खूश होऊन पैसे देतं. आतलं ‘स्पेस ट्रकिन्’ लावा, मग ठरवा. मामांना हे माहीत होतंच. मी मागितल्यावर हसले आणि दुसऱ्या दिवसापासून चहा मिळू लागला.

एक मत ठामपणे मांडते, वाद घालायचा तर घाला. कोलकात्याजवळ दमदमच्या कारखान्यात ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं छापलेली जुनी रेकॉर्ड चांगल्या अवस्थेत मिळाली, तर आजच्या महागड्या १८० ग्रॅमच्या आवृत्तीमागं लागू नये. जड रेकॉर्ड हाताला बरी लागते, वजनानं आवाज सुधारत नाही. टेपवरून खाच कापणाऱ्यानं काय केलं आणि साचा किती झिजला होता, आवाज ठरतो त्यावर. दमदमची कव्हरं मात्र कच्ची. पातळ कागद, फिकट छपाई, पाठीकडचा जोड सुटलेला. पृष्ठभागावर खरखर विलायतीपेक्षा जास्त असतेच. डार्क साइडच्या सुरुवातीला शांततेतून हृदयाचे ठोके वर येतात, तिथे ही खरखर बोचते. ‘मशीन हेड’मध्ये कुणाला ऐकू येणार आहे?

ही सगळी गाणी मी आधी दादाच्या कॅसेटवर ऐकली होती. मग फोनवर, भांडी घासताना, आणि मग हळूहळू ऐकणंच सुटलं. मामांकडे बीटल्सची ‘ॲबी रोड’ (१९६९) ऐकली तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा नीट लक्षात आली. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं पावणेआठ मिनिटांच्या आसपास आहे. तीच गिटार फिरत राहते, मागून वाऱ्यासारखा घोंगावणारा आवाज वाढत जातो, आणि सूर पूर्ण व्हायच्या आत गाणं तोडलंय. सरळ तोडलंय. त्यानंतर खोलीत फक्त सुईची टिकटिक. उठायचं, हात उचलायचा, रेकॉर्ड उलटायची, ब्रश फिरवायचा. मग ‘हिअर कम्स द सन’मधली जॉर्ज हॅरिसनची ती कोवळी गिटार सुरू होते आणि सूर्य उगवतो. फोनवर हे तोडणं आणि हे उगवणं एकमेकांना लागून येतं. मधली ती उठाठेव गाण्यांच्या मांडणीतच धरलेली होती, दोन बाजू आहेत हे जाणूनच क्रम लावलेला होता. वीस-बावीस मिनिटांची एक बाजू संपली की काहीतरी ठरवावं लागतं: पुढं ऐकायचं की पुरे. मला तेच आवडतं. घरात मुलगा म्हणतो, आई, एवढ्या कष्टात मी अख्खी प्लेलिस्ट करतो. करो बापडा.

साफसफाईची सोय आहे, रेकॉर्डीमागं ६० रुपये, आणि आपल्या पावसात ती लागतेच. जून ते सप्टेंबर इथं कपाटातल्या पट्ट्यांना बुरशी येते, तर रेकॉर्ड कुठली सुटणार? डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, आणि ताटाळ्यात उभी करून वाळवणं. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मामा अल्कोहोल लावत नाहीत, लाख विरघळते. तुमच्या आजोबांच्या बालगंधर्वांच्या तबकड्या घेऊन जाणार असाल तर घाबरू नका. बुरशी आणि चटचट बरीच जाते, ओरखडा जात नाही. तसं ते पैसे घेण्याआधीच सांगतात.

यंत्रांबद्दल थोडक्यात. एचएमव्हीचे फिएस्टा दुरुस्त करून विकायला ठेवलेले असतात, झाकणातच स्पीकर असलेले. दिसतात गोड. पण त्यांची सुई जड असते, चांगल्या रेकॉर्डींना त्यावर चढवू नका. नाट्यसंगीताच्या झिजलेल्या तबकड्यांना ठीक. रॉकसाठी हलक्या सुईचं आणि सुई बदलता येणारं साधं मशीन घ्या. माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचं एलपी६०एक्स आहे: बटण दाबलं की हात आपोआप खाली येतो, प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आतच आहे, लाइन-इन असलेल्या जुन्या टेपरेकॉर्डरलासुद्धा जोडता येतं. ७८ चा वेग त्यात नाही, तेवढं लक्षात ठेवा.

तक्रारी पण लिहिते, नाहीतर मी मामांची भाची आहे असं वाटायचं. पोटमाळ्याचा जिना म्हणजे शिडीच आहे, साडी नेसून जाऊ नका. धूळ इतकी की दम्याच्या माणसानं दारातूनच यादी द्यावी. दुपारी एक ते चार बंद, कधी चारचे पाच होतात. रोखच चालते. खोक्यांना कसलाही क्रम नाही, एल्टन जॉनच्या मागं भक्तिगीतं निघतात. कव्हर एक आणि आत रेकॉर्ड भलतीच, असंही होतं. आतली काढून लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये. आणि सगळ्यात चिडवणारी गोष्ट: ते काहीही राखून ठेवत नाहीत. “संध्याकाळी पैसे आणते, बाजूला ठेवा” म्हटलं की उत्तर एकच, “आलं त्यानं नेलं ओ ताई, मी काय करू?” फोन करून काय आलंय विचारलं तरी सांगत नाहीत. यायचं, बसायचं, शोधायचं.

तरीसुद्धा ऑनलाइनपेक्षा हे बरं. एका विक्रेत्यानं ‘जवळपास नवीन’ लिहून पाठवलेली माझी एक रेकॉर्ड इतकी वाकलेली आली की सुई दर फेऱ्याला उडी मारते. परत पाठवायचा खर्च रेकॉर्डीच्या निम्मा. मामांकडे असला प्रकार होत नाही, कारण ती आधी फिरताना दिसते.

जाणार असाल तर सकाळी जा. सोबत बारा इंची रेकॉर्ड मावेल अशी पिशवी न्या, मामा वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधतात. स्कूटीवर पायाशी आडवी ठेवू नका, वाकते. आणि खिडकीखालच्या खोक्यात क्वीनची ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ दिसली, तर ती मी शोधतेय. राखून ठेवायला मामा तयार नाहीत, तुम्ही तरी दया दाखवा.