पीडीएफ सुगम करायची आहे: मूळ फाइल दुरुस्त करावी, की पीडीएफच?

आपला दस्तऐवज अंध वाचकालाही वाचता यावा म्हणून कामाला लागलेले लोक मला आधी सॉफ्टवेअरबद्दल विचारतात. ॲक्रोबॅट प्रो विकत घ्यावं का? पीडीएफची सुगमता तपासणारं फुकटातलं पॅक पुरेल का? मी त्यांना उलट विचारते, ही पीडीएफ ज्या फाइलीतून काढली ती फाइल तुमच्याकडे आहे का? निम्मा निर्णय त्या उत्तरावरच होतो.

पीडीएफमध्ये दिसणाऱ्या पानामागे टॅगांची एक उतरंड असू शकते: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, ही कोष्टकातल्या मथळ्यांची ओळ. पीडीएफ १.४ पासून, म्हणजे २००१ पासून, ही सोय आहे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, ही उतरंड वाचतो. ती नसेल तर अंदाजावर काम चालतं. मग दोन स्तंभांच्या पानावर डावीकडच्या अर्ध्या ओळीला उजवीकडची अर्धी ओळ चिकटू शकते. कोष्टकातले आकडे एकामागून एक ऐकू येतात, पण कोणता आकडा कशाचा हे कळायला मार्ग उरत नाही.

मूळ फाइल असेल तर

वर्ड किंवा लिब्रेऑफिसमधली फाइल असेल तर तिथेच दुरुस्त करा, असं मी ठामपणे सांगते. शीर्षकं नुसती ठळक न करता त्यांना हेडिंगची स्टाइल द्या. चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी ऐकू येणारं वर्णन, लिहा, कोष्टकाच्या पहिल्या ओळीला ‘हेडर रो’ ठरवा, भाषा मराठी निवडा, फाइलच्या माहितीत शीर्षक भरा. वर्डमधली ॲक्सेसिबिलिटी तपासणी राहिलेलं बरंच दाखवून देते. त्यानंतर पीडीएफ ‘सेव्ह ॲज’ने काढा आणि पर्यायांमध्ये संरचनेच्या टॅगांची खूण आहे ना ते बघा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ने काढलीत तर केलेली सगळी मेहनत त्या एका क्लिकमध्ये जाते, कारण छपाईच्या वाटेने टॅग पुढे जातच नाहीत. मॅकवरच्या वर्डमध्ये दोन पर्याय दिसतात, त्यातला इलेक्ट्रॉनिक वितरण आणि ॲक्सेसिबिलिटीसाठीचा घ्यायचा. लिब्रेऑफिसमध्ये एक्स्पोर्टच्या चौकटीत पीडीएफ/यूएची, म्हणजे सुगम पीडीएफच्या मानकाची, खूण असते.

या वाटेचा खरा फायदा दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी कळतो. एका अहवालाची कोष्टकं मी तीन दिवस खपून थेट पीडीएफमध्ये दुरुस्त केली होती. चौथ्या दिवशी कुणीतरी वर्डमधला एक आकडा बदलला आणि पीडीएफ नव्याने काढली. माझं काम जुन्या फाइलीतच राहिलं. मूळ फाइलमध्ये केलेली दुरुस्ती मात्र दर वेळी आपोआप पुढे येते.

थेट पीडीएफमध्ये हात घालायची वेळ कधी येते? मूळ फाइल हरवली असेल, कागद स्कॅन केलेला असेल, भरायचा फॉर्म असेल, किंवा एक्स्पोर्ट झाल्यावरही काही दोष उरले असतील तर. स्कॅन असेल तर आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं), मग त्या मजकुराचं मुद्रितशोधन, आणि टॅग त्यानंतर. टेसरॅक्ट हा ओसीआरचा मुक्त प्रोग्रॅम मराठी ओळखतो, पण जोडाक्षरं एकेक करून तपासावीच लागतात.

ॲक्रोबॅट प्रो, पॅक आणि व्हेरापीडीएफ

ॲक्रोबॅट प्रो तपासतंही आणि दुरुस्तही करतं. पैसे मोजायचे ते मुख्यतः या दुसऱ्या कामासाठी. त्याच्या पूर्ण तपासणीत ३२ नियम आहेत. शीर्षक नाही, भाषा नाही, चित्राला पर्यायी मजकूर नाही असले दोष उजव्या क्लिकवर तिथल्या तिथे मिटतात. वाचनाचा क्रम आणि रंगांचा फरक या दोन बाबी मात्र ते दर वेळी माणसाने तपासाव्यात म्हणून सोडून देतं. अवघड दुरुस्त्या टॅग्ज पॅनेलमध्ये कराव्या लागतात. ‘रीडिंग ऑर्डर’चं साधन सोपं वाटतं, पण गुंतागुंतीच्या कोष्टकावर ते वापरलं की टॅगांची घडी विस्कटू शकते. म्हणून प्रत्येक मोठ्या बदलाआधी फाइल नव्या नावाने जतन करा.

पॅक फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं आणि काहीही दुरुस्त करत नाही. तरीही मी ते ॲक्रोबॅटनंतर नेहमी चालवते, कारण त्याची मोजपट्टी वेगळी आहे. ते फाइल पीडीएफ/यूए या मानकावर घासून बघतं. आयएसओ १४२८९ म्हणून हे मानक २०१२ मध्ये आलं आणि त्याचा दुसरा भाग २०२४ मध्ये. ॲक्रोबॅटमध्ये पास झालेली फाइल पॅकमध्ये नापास होणं रोजचंच आहे. पॅकमधलं मला सर्वांत उपयोगी वाटतं ते स्क्रीन रीडरचं पूर्वदृश्य. त्यात पान टॅगांच्या क्रमाने मांडलेलं दिसतं, आणि शीर्षक म्हणून चुकीने टॅग झालेला परिच्छेद लगेच डोळ्यांत भरतो.

शेकडो फाइली असतील तर व्हेरापीडीएफ घ्या. ते मुक्त आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि अख्खा फोल्डर एका आज्ञेत तपासतं. एकाच फाइलीसाठी त्याचा अहवाल वाचणं कष्टाचं होतं.

म्हणजे महिन्यातून एखादीच फाइल, तीही स्वतःच वर्डमध्ये लिहिलेली, असेल तर वर्डची तपासणी आणि पॅक पुरतं. ॲक्रोबॅट प्रो घ्यावं ते जुन्या फाइली आणि फॉर्म हाताशी येणार असतील तर.

यंत्राला न दिसणारं

पीडीएफ/यूएच्या तपासणीसाठी मॅटरहॉर्न प्रोटोकॉल ही दोषांची यादी वापरतात. त्यात ३१ टप्पे आणि चुकण्याच्या १३६ शक्यता मोजल्या आहेत, आणि त्यांपैकी ४७ ठिकाणी सहसा माणसाचाच निर्णय लागतो. पर्यायी मजकूर आहे की नाही हे यंत्र सांगतं. त्यात नुसतं ‘चित्र १’ लिहिलं असेल तरी ते पासच करतं.

देवनागरी फाइलींत ही उणीव फार जाचते. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर सुबक मराठी दिसतो, पण फाइलीत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. देवनागरी रूप फक्त फॉन्ट रंगवतो. स्क्रीन रीडर ती चिन्हंच वाचतो आणि ऐकणाऱ्याला एकही शब्द कळत नाही. प्रत्येक आकृतीला एक अक्षर नेमून दिलेलं असल्यामुळे तपासणी मात्र बिनतक्रार पार पडते. अशी फाइल हिरव्या खुणांनी भरलेला अहवाल घेऊन प्रसिद्ध होते, हे मला फार लागतं.

ओळखायची रीत अगदी साधी आहे. एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. अगम्य चिन्हं आली तर टॅग लावण्यात एक मिनिटही घालवू नका. मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करा, तो पूर्ण वाचून काढा आणि पीडीएफ नव्याने बनवा.

युनिकोड मजकुरातही एक दोष उरू शकतो. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. पीडीएफ आकृत्या काढण्याच्या क्रमाने साठवते, त्यामुळे पेस्ट केल्यावर वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलेली किंवा जोडाक्षर फुटलेलं दिसू शकतं. मोजकेच शब्द बिघडले असतील तर ॲक्रोबॅटमध्ये त्या टॅगच्या गुणधर्मांत ‘ॲक्च्युअल टेक्स्ट’च्या रकान्यात बरोबर शब्द भरता येतो. सगळीकडेच बिघाड असेल तर दुसऱ्या प्रोग्रॅममधून किंवा दुसऱ्या फॉन्टमध्ये एक्स्पोर्ट करून बघा. एक पान दोन्हीकडून काढून पेस्ट करायला फार वेळ लागत नाही.

पीडीएफच नको, असं म्हणता येईल का?

हो, आणि लोक हा विचार फार कमी करतात. मजकूर वाचण्यासाठीच असेल, छपाईची मांडणी जपायची गरज नसेल, तर साधं वेबपान मोबाइलवरही वाचायला सोपं असतं आणि दुरुस्तही पटकन होतं. सही, शिक्का, ठरलेली पृष्ठसंख्या लागत असेल तिथे पीडीएफ ठेवा.

कोणतीही वाट घेतलीत तरी प्रसिद्ध करण्याआधी फाइल एनव्हीडीएवर ऐका. हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये मराठी आवाज आहे. एच दाबत शीर्षकांवरून उड्या मारा, टी दाबून कोष्टकात जा, कंट्रोल आणि ऑल्टसह बाण दाबत एकेका घरातून फिरा आणि आकड्याबरोबर त्याचा मथळा ऐकू येतो का बघा. पहिल्यांदा ऐकताना मॉनिटर बंद ठेवा, कारण पान समोर दिसत असलं की न ऐकू आलेलंही ऐकल्यासारखं वाटतं. शक्य असेल तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला मोबदला देऊन फाइल तपासायला द्या, आणि पहिली फाइल निवडा ती अर्जाची, कारण तो भरता आला नाही तर त्या माणसाचं काम तिथेच अडतं.