रस्त्याकडेला बसायला काय द्यावं: सिमेंटचा बाक, स्टीलचा बाक की कट्टा?

कुणाच्या स्मरणार्थ चौकात बाक द्यायचं ठरलं की बहुतेक मंडळं सिमेंटचाच घेतात. स्वस्त पडतो, पाठीवर नाव कोरता येतं, आणि इतका जड की कुणी उचलून नेत नाही. पण कडेचा टवका उडाला की आतली सळई उघडी पडते, पावसात गंजून फुगते आणि शेजारचं सिमेंटही सुटायला लागतं. म्हणून कडा गोल केलेल्या बघून घ्या. बैठकीला किंचित उतार हवाच, नाहीतर पावसाळाभर पाणी साचून शेवाळ धरतं.

स्टीलचा जाळीदार बाक सर थांबली की लगेच कोरडा होतो. मात्र मे महिन्यात दुपारी उघड्यावर त्याला हात लावून बघा! शिवाय जमिनीत पक्का गाडला नसेल तर भंगारात जायला वेळ लागत नाही. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत महाग पडलं तरी 316 जातीचंच, म्हणजे खारी हवा जास्त सोसणारं स्टील घ्या.

गप्पांसाठी मात्र कट्ट्याला तोड नाही. शिवाजी पार्कचा कट्टा घ्या किंवा मरीन ड्राइव्हचा कठडा. पाठ टेकायची सोय नसताना संध्याकाळी माणसांनी भरलेले असतात. पाय वर घ्या, समोरासमोर बसा, पाठमोरे बसा. कॉलेजजवळ किंवा मैदानाभोवती मी डोळे झाकून कट्टाच सुचवेन. झाडाला पार बांधणार असाल तर बुंध्याला सिमेंट भिडवू नका. मुळांना हवा-पाणी मिळावं म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं.

दवाखाना, बँक, बसथांबा इथे मात्र कट्टा चालणार नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींना उठताना हाताला आधार लागतो. तिथे पाठ आणि दोन्ही बाजूंना हात असलेला, साधारण 45 सेंटीमीटर उंचीचा बाकच हवा. सावली असेल तर सिमेंटचा खुशाल घ्या. हात नसलेला कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन फूटपाथ मोजा. बाक ठेवून चालायला 1.8 मीटर मोकळे उरत नसतील तर जागा बदला, आणि पालिकेची परवानगी त्या नव्या जागेसाठीच मागा.