सीओटू सेन्सर घेताना फुंकरीवर जाऊ नका

सीताबर्डीच्या एका दुकानात मी कार्बन डायऑक्साइड (सीओटू) मोजणारा सेन्सर मागितला. भाची ज्या ट्यूशनला जाते तिथे एसी लावून, खिडक्या लावून मुलं कोंबलेली असतात. तिथली हवा मोजायची होती. एनडीआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाने सीओटू मोजणारा सेन्सर हवा, हे स्पष्ट सांगितलं. दुकानदाराने मॉड्यूल जोडून त्यावर फुंकर मारली, आकडा झपकन चढला. "भाऊ, हे सीओटूच मोजते, बिनधास्त घेऊन जा." नऊशे रुपये घेतले.

घरी पाच व्होल्ट दिल्यावर सेन्सरची जाळीची टोपी बोटाला गरम लागली. कडेचा नंबर खरवडलेला; भिंगाखाली ओरखडे स्वच्छ दिसत होते. आत निघाला एमक्यू-१३५, दीड-दोनशेला मिळणारा. नंबर कोणी मुद्दाम घासल्याशिवाय जात नाही, म्हणूनच याला मी फसवणूक म्हणतो.

एमक्यू-१३५ मध्ये टिन ऑक्साइडचा तापलेला थर असतो. अमोनिया, अल्कोहोल, धूर लागला की त्याचा रोध बदलतो. सीओटूसाठी तो भरवशाचा नाहीच. फुंकरीतल्या दमटपणानेही तो हलतो, त्यामुळे दुकानातली ती परीक्षा काहीच सिद्ध करत नाही. मी सॅनिटायझर लावलेला हात जवळ नेला, आकडा भराभर वर गेला. रात्री बंद खोलीत आम्ही सगळे झोपलो, तेव्हा मात्र जेमतेम हलला. खरा सेन्सर अशा खोलीत हजाराच्या पार जातो; बाहेरच्या मोकळ्या हवेत सव्वाचारशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत सीओटूचे किती भाग) आसपास दाखवतो.

सीसीएस८११ आणि एसजीपी३० हेही सीओटूच्या नावाने विकले जातात. ते हवेतल्या इतर वायूंवरून नुसता अंदाज सांगतात. माहितीपत्रकात 'ईसीओटू' (असा अंदाजाने काढलेला सीओटू) दिसलं की तो बाजूला ठेवा.

स्वस्तात खरं मोजायचं तर एमएच-झेड१९ किंवा सेन्सएअर एस८ घ्या. सीओटू ४.२६ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश शोषून घेतो, त्यावरच हे दोन्ही एनडीआयआर सेन्सर चालतात. एससीडी४० वेगळ्या पद्धतीचा, पण तोही सीओटूच मोजतो. मात्र हे दीडशे रुपयांत कोणी देणार नाही.

आणि बिलावर मॉडेलचं नाव लिहून घ्याच. माझ्या बिलावर फक्त 'गॅस सेन्सर' लिहिलंय, त्याचाच आधार घेऊन दुकानदाराने माल परत घ्यायला नकार दिला. खरवडलेल्या नंबरचे फोटो जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे.