संघटनेचं सदस्यत्व, दहा महिन्यांनंतर: एका होम इन्स्पेक्टरचा अनुभव

खरं सांगतो, वर्गणी भरली ती लोगोसाठी. चार वर्षं मी एकट्यानं घरं तपासतोय. त्याआधी बारा वर्षं साइटवर काढली, त्यामुळे ओल कुठली आणि नुसता जुना डाग कुठला हे नजरेनं कळतं, असा माझा समज होता. पण चौकशीचा फोन आला की माणूस दुसऱ्याच वाक्यात विचारतो, "तुम्ही कुठल्या संघटनेचे?" "कुठल्याच नाही" म्हटलं की पलीकडे जी शांतता पसरते, तिला कंटाळून अर्ज केला. आता नूतनीकरणाची आठवण करून देणारी मेल आलीय आणि याच कामातले दोघं-तिघं विचारतायत, घ्यावं का? एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. संघटनेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. शिवाय इतर संघटनांतल्या ओळखीच्यांशी बोललो तर त्यांचंही रडगाणं थोड्याफार फरकानं हेच.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. घर विकत घेणारा सौदा पक्का करण्याआधी आम्हाला बोलावतो. टॉर्च, शिडी, ओल मोजायचं मीटर आणि सॉकेट टेस्टर घेऊन आम्ही दोन-तीन तास छपरापासून ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत फिरतो आणि रात्री बसून रिपोर्ट लिहितो. घरात जेवढा वेळ जातो, जवळपास तेवढाच लिहिण्यात जातो. गुडघ्यांचे हाल वेगळेच.

प्रवेश सोपा आहे. फारच सोपा आहे, ही माझी पहिली कुरकुर. ऑनलाइन परीक्षा, आचारसंहितेवर सही, वर्गणी, की आठवड्याभरात प्रमाणपत्र हातात. खरी चाळणी वरच्या पायरीवर लागते. अमेरिकेतली ॲशी ही 1976 पासूनची संघटना. तिच्या वरच्या दर्जासाठी इतर अटींबरोबर पैसे घेऊन केलेल्या किमान 250 तपासण्या दाखवाव्या लागतात. ब्रिटनमध्ये हे काम सर्व्हेअर करतात, त्यांची आरआयसीएस 1868 ची, आणि तिथं सर्व्हेच्याच तीन पातळ्या ठरलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियात खरेदीपूर्व तपासणीसाठी एएस 4349.1 नावाचं मानकच आहे. घर घेणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं, त्याला फक्त बिल्ला दिसतो. परवा परीक्षा पास झालेल्याच्या आणि वीस वर्षं छपरांवर चढलेल्याच्या कार्डावर बिल्ला मात्र जवळजवळ सारखाच.

पहिले तीन महिने उपयोग शून्य. संघटनेच्या सदस्ययादीतून दोन फोन आले. त्यातल्या एकाला छपराची कौलं बदलून देणारा माणूस हवा होता.

मग ते कपाट मध्ये आलं.

घर राहतं होतं, विकणारे अजून आत होते. शयनगृहाच्या बाहेरच्या भिंतीला छतापर्यंत पोचणारं, सामानानं गच्च भरलेलं कपाट. भिंतीचा जो भाग उघडा होता तिथं मी मीटर लावून बघितलं, खिडकीखाली बघितलं, कोरडं होतं. रिपोर्टमध्ये लिहिलं, "शयनगृहाच्या भिंतींवर ओलीची चिन्हं आढळली नाहीत." चार महिन्यांनी नव्या मालकांचा फोटो आला. कपाट हललं होतं आणि मागे जमिनीपासून कमरेपर्यंत काळी बुरशी, फुगलेला गिलावा, रंगाचे पोपडे. खाली एकच ओळ, "तुम्ही तर लिहिलं होतं ओल नाही."

त्या रात्री संघटनेची 'कामाची मानकं' पहिल्यांदा नीट वाचली. सही करताना नुसती चाळली होती. त्यात स्पष्ट म्हटलंय की तपासणी ही नजरेनं, तोडफोड न करता, जिथं पोचता येतं तेवढ्याच जागेची असते. फर्निचर हलवणं इन्स्पेक्टरवर बंधनकारक नाही. वाचून हायसं वाटलं. पण थोडं पुढं तितक्याच स्पष्टपणे लिहिलंय की जे तपासायचं होतं आणि तपासता आलं नाही, ते का आलं नाही हे रिपोर्टमध्ये नोंदवलंच पाहिजे. तिथं मी सापडलो. कपाट मला दिसलं होतं. मागे काय असेल हा विचारही मनात येऊन गेला होता. लिहिलं मात्र नव्हतं.

त्याहून लाज आणणारी गोष्ट पुढची. ओल आली कुठून? बाहेर त्याच भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा होता आणि त्याची माती भिंतीतल्या ओलरोधक थरापेक्षा वर चढलेली होती. तो थर जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून असतो. माती त्याच्या वर गेली की थराला वळसा घालून पाणी सरळ भिंतीत. आणि हे मी लिहिलं होतं! नवव्या पानावर, 'बाहेरील भाग' या मथळ्याखाली, "माती खाली उतरवावी." ओलीचं कारण नवव्या पानावर आणि तिचा परिणाम एकतिसाव्या पानावर नाकारलेला. दोन्हीखाली सही माझीच.

सदस्यांसाठी असलेल्या सल्ल्याच्या लाइनवर फोन केला. दोन दिवसांनी मेलवर उत्तर आलं, अमुक कलम पाहा. कलम मीही वाचलं होतंच की. कामाला आल्या त्या आमच्या मासिक बैठकीतल्या एक ज्येष्ठ मॅडम. आमच्यात सर्वांत जास्त घरं त्यांनीच बघितलीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"कपाटाचा फोटो आहे का तुमच्याकडे?"

होता. खिडकीच्या फोटोत कोपऱ्यात अर्धवट आलेला.

"मग भांडू नका," त्या म्हणाल्या. "कपाट होतं हे सिद्ध होतंय, पण तुम्ही गप्प राहिलात हेही होतंय. फी परत करा, चूक झाली म्हणून सांगा. आणि रिपोर्टची सुरुवात काय बघितलं यानं करू नका हो, काय बघितलं नाही यानं करा."

फी परत केली. वाद तिथंच मिटला, नशीब माझं. तेव्हापासून माझ्या रिपोर्टचं पहिलं पान म्हणजे 'न तपासलेलं' या मथळ्याचा तक्ता. जागा कोणती, का बघता आली नाही, तिथं काय निघू शकतं, आणि बघायचंच असेल तर कुणाला सांगून काय उघडून घ्यावं. कुलूपबंद खोली, स्क्रू मारून पक्कं केलेलं पोटमाळ्याचं झाकण, खोक्यांनी अडलेला विजेचा बोर्ड, पावसानं निसरडं झालेलं छप्पर. सुरुवातीला लोक कुरकुरले. एकानं तोंडावर विचारलं, "मग पैसे कसले घेतलेत?" पण याच पानामुळे तीन वेळा असं झालं की घेणाऱ्यानं विकणाऱ्याकडून जागा मोकळी करून घेतली आणि मला पुन्हा बोलावलं. तीनपैकी दोन ठिकाणी काहीच निघालं नाही. तिसऱ्या ठिकाणी गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला चक्क बूच मारलेलं होतं. दाब वाढला की पाणी बाहेर सोडायचं हे त्या व्हॉल्व्हचं काम, आणि तो थेंब थेंब गळतो म्हणून कुणीतरी तोच बंद करून मोकळं झालेलं.

माझ्या मते वर्गणी वसूल होते ती या मासिक बैठकीत. सात-आठ जण, कधी चारच. कुणाच्या तरी ओळखीच्या घरात सगळ्यांनी वेगवेगळं फिरायचं, मग नोंदी ताडून बघायच्या. एकाच घरात आठ जणांना आठ वेगळ्या गोष्टी दिसतात, हे बघितल्यावर अंगातली रग आपोआप उतरते. एकदा इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेल्या एका सदस्यानं प्लायवर चार सॉकेट बसवून आणले. आम्ही तीन दिव्यांचे टेस्टर लावले, चारही बरोबर. त्यांनी चौथा उघडून दाखवला. अर्थिंगची वायर आलीच नव्हती, मागच्या मागे अर्थची पिन न्यूट्रलला जोडलेली. टेस्टर फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांतल्या दोन-दोन जोड्यांत व्होल्टेज आहे का एवढंच बघतो. न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधल्यावर फेजपासून दोन्हीकडे ते मिळणारच, दिवे बरोबर असल्यासारखे खुशाल लागतात. पुढं कधी न्यूट्रल तुटली तर उपकरणाच्या पत्र्यावरच करंट येणार. चार वर्षं मी या दिव्यांच्या भरवशावर "अर्थिंग ठीक" लिहीत होतो. आता लिहितो, "टेस्टरवर जोडणी योग्य दिसली, अर्थिंगची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी." वाक्य लांबलं, पण खरं झालं.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर खिचडी आहे. वर्षाला ठरावीक तास भरावे लागतात, संघटनेप्रमाणे वीस-चोवीस. थर्मल कॅमेऱ्याचा वर्ग मात्र खरोखर चांगला होता. कॅमेरा ओल दाखवत नाही, पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, हे आधीही कुठंतरी वाचलं होतं. पण हातात कॅमेरा घेऊन फसल्याशिवाय ते डोक्यात शिरत नाही. बाष्पीभवनामुळे ओला भाग थंड दिसतो, तसाच थंड भाग इन्सुलेशन निसटलेल्या जागीही दिसतो. आणि आत-बाहेर तापमानात पुरेसा, दहाएक अंशांचा फरक नसेल तर निसटलेलं इन्सुलेशन चित्रात नीट उमटतच नाही. मी चकचकीत टाइल्सवर एक उबदार पट्टा पकडला आणि गरम पाण्याची लाइन गळतेय म्हणून मोठ्या आत्मविश्वासानं जाहीर केलं. शिकवणाऱ्यानं मला एक पाऊल डावीकडे सरकायला सांगितलं. पट्टाही सरकला. मीच होतो तो.

त्याच वर्गात पिन मीटरचंही, म्हणजे दोन सुया टेकवून ओल मोजायच्या मीटरचंही कळलं. त्याचे टक्के लाकडासाठी बसवलेले असतात. लाकडात 20 च्या वर आकडा गेला की कुजण्याची काळजी करायची, पण गिलाव्यावर तोच आकडा टक्के म्हणून वाचायचा नसतो. भिंतीत क्षार असतील तर आकडा उगाच चढतो. म्हणून आता त्याच भिंतीच्या कोरड्या भागाशी तुलना करून लिहितो.

आणि याच तासांमध्ये 'एजंटांचं मन कसं जिंकावं' या विषयाचे दोन तासही धरले जातात. यावर माझं खरंच डोकं फिरतं. आचारसंहिता सांगते, काम मिळवून दिल्याबद्दल एजंटला काही द्यायचं नाही, आणि जे घर तपासलं त्याची दुरुस्ती वर्षभर पैसे घेऊन करायची नाही. उत्तम. ॲशीच्या आणि इंटरनॅची या होम इन्स्पेक्टरांच्या आणखी एका मोठ्या संघटनेच्या आचारसंहितेतही एक वर्षाचा हा नियम आहे. दुरुस्तीचं काम मलाच मिळणार असेल तर प्रत्येक तडा मला मोठाच दिसणार ना! पण बहुतेकांची निम्मी कामं एजंटांच्या शिफारशीवर येतात, हे संघटनेलाही माहीत आहे. मग एका हातानं शपथ घ्यायला लावायची आणि दुसऱ्या हातानं मन जिंकायचे धडे द्यायचे. बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा सगळे हसले. हसून विषय संपला.

तरीही त्या संहितेचा एक अनपेक्षित फायदा झाला. "जरा सौम्य लिहा हो, लोक घाबरतात," असं एजंट म्हणतात तेव्हा पूर्वी मी अवघडून जायचो. आता "आमच्या नियमात बसत नाही" म्हणून मोकळा होतो. सहलीला नाही म्हणायचं असलं की घरच्यांवर ढकलणाऱ्या पोरासारखं वाटतं, पण चालतं. एका एजंटनं मला कामं पाठवणं बंद केलं. दुसऱ्यानं स्वतःचं घर घेताना मलाच बोलावलं.

संघटनेनं दिलेलं रिपोर्टचं ॲप मी दोन महिन्यांत सोडलं. तयार वाक्यांचा नुसता डोंगर. छोट्या फ्लॅटचा रिपोर्ट साठ पानांवर जातो आणि गळका नळ व लोंबकळणारी जिवंत वायर एकाच आकाराच्या चौकटीत, एकाच रंगात बसतात. वाचणाऱ्यानं त्यातून काय उचलायचं? करारपत्राचा नमुना मात्र वापरतो, तो स्वच्छ आहे.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. त्यातले अडीच नुसत्या बैठकीचे. म्हणून घ्यावं का विचारणाऱ्यांना माझं उलट विचारणं असतं की तुमच्या भागात संघटनेच्या शाखेची बैठक भरते का, आणि भरते तेव्हा लोक घर तपासतात की नुसती भाषणं ऐकतात? पैसे भरण्याआधी पाहुणा म्हणून एकदा जाऊन बसा, बहुतेक ठिकाणी येऊ देतात. शाखाच नसेल तर मानकं वाचून घ्या. मोठ्या संघटनांची मानकं सदस्य न होताही वाचायला मिळतात.

मी नूतनीकरण करतोय. मॅडमनी यंदा बैठकीची जबाबदारी सोडली आणि पुढच्या महिन्याच्या सरावासाठी घर शोधायचं काम माझ्याकडे आलंय. राहतं घर हवंय, शक्यतो भिंतभर कपाटं असलेलं.