वाळूजला जिप्सीचं अलाइनमेंट, ते पण ओळंबा लावून

लई दिवसापासून लिहायचं होतं, आज गाडी धुवून झाली म्हणून बसलो. आमची मारुती जिप्सी जुनी, पावसाळा सरला की पोरं मिळून पडीक रानात प्लास्टिकचे कोन मांडून त्यांच्यामधून पळवतो, एखाद्या ऑटोक्रॉसला (मातीवरच्या वळणावळणाच्या शर्यतीला) पण नेतो. यंदा तिला काय झालं काय माहीत, उजव्या वळणाला बूड भसकन बाहेर जायचं आणि डाव्या वळणाला स्टेअरिंग कितीबी वळवा, नांगरासारखी सरळच निघायची. नगर रोडला स्टेअरिंग डावीकडं धरून चालवायलो होतो. मागून बाइकवर येणारा दोस्त म्हणला, भाऊ तुझी गाडी खेकड्यासारखी तिरपी चालायली.

आधी एका चकाचक दुकानात कॉम्प्युटर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा मापून सरळ करणं, ते केलं. 600 रुपये गेले, सगळे आकडे हिरवे असलेला कागद मिळाला, गाडी तशीच. सेन्सर लावले फक्त पुढच्या चाकांना. आता जिप्सीला पुढं अख्खा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर, कॅम्बर (चाकाचा उभा कल) फिरवायला तिथं काही नसतंच, दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडवरून टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) तेवढा बसतो, म्हणजे पुढं ते बिचारे दुसरं करणार तरी काय, पण मागं एकदा वाकून बघावं की नाही राव?

मग कुणीतरी संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या चाचांचं सांगितलं, ट्रकच्या पाट्यांचं (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं) काम करतात. पत्र्याचं शेड, खाली कोबा. मी टो-टो करायलो तर म्हणले, "बेटा, पहले पिछला देखेंगे." चारी चाकांत हवा सारखी केली, स्टेअरिंग सरळ करून दोरीनं बांधलं, प्रत्येक चाकाच्या हबच्या मधोमध गवंड्याचा ओळंबा सोडला आणि खाली खडूची फुली. गाडी ढकलून बाजूला काढली, फुल्यांवर टेप धरला. कंपनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2375 मिलिमीटर, डावीकडं भरला 2374 आणि उजवीकडं 2361! खोलीचा काटकोन बघतात तसे कर्ण पण मापले, तिथंही फरक.

उजव्या मागच्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला, अ‍ॅक्सल पाट्याला आवळणारे यू बोल्ट ढिले, त्यामुळं हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं कवच) पाट्यावरून पुढं सरकलेलं. त्या सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या भोकात बसून अ‍ॅक्सल जागेवर धरतं. चाचांनी ते तुटलेलं डोकं माझ्या हातावर ठेवलं, घासून घासून हरभऱ्यासारखं गुळगुळीत झालेलं. एवढ्याशा लोखंडासाठी मी महिनाभर टायरच्या हवेला नावं ठेवायलो.

गंमत म्हणजे अमेरिकेत मातीच्या ओव्हल ट्रॅकवर हेच मुद्दाम करतात, कारण त्यांना फक्त डावीकडं वळायचं असतं, म्हणून डावं मागचं चाक थोडं पुढं घेतलं की बूड लवकर फिरतं. आपल्याला दोन्हीकडं वळायचंय, त्यामुळं दोन्ही बाजू सारख्याच पाहिजेत. दोन्हीकडचे सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे टाकले, गाडी चाकांवर उतरवून वजनाखाली आवळले, आता दोन्हीकडं 2374. मग कुठं पुढं हात घातला, मी मागितला तसा 3 मिलिमीटर टो-आउट (चाकांची तोंडं किंचित बाहेर) दिला. मातीवर वळणात शिरताना गाडी एकदम हुशार झाली, पण हायवेला 80 च्या वर थोडी चुळबुळते, रोजच्या गाडीला हे करू नका.

सामानासकट 1,900 लागले. तक्रारी पण हायत. वेळ दिलेली पाळत नाहीत, माझी अर्धी सुट्टी गेली, फोन उचलत नाहीत, पक्कं बिल मिळत नाही. प्रत्येक चाकावर किती वजन पडतं ते मापायचे काटे नाहीत, तेवढं बारीक सेटअप पाहिजे असेल तर पुण्याचा रस्ता धरा. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, बंद असतंय.

यू बोल्ट 100 किलोमीटरला परत आवळायला ये म्हणले होते, मी गेलो 300 ला. दोन नट पाव-पाव आट्या फिरले. पैसे घेतले नाहीत, शिव्या मात्र पोटभर दिल्या.