जुनं लोखंडी कॅबिनेट आणि आत वॉटर कूलिंग: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापरानंतर

कॉम्प्युटरचं हे कॅबिनेट २००० च्या दशकातलं आहे. पॉवर सप्लाय वरच्या बाजूला, रुंदी जेमतेम १८ सेंटिमीटर, मागे ८० मिमी पंख्याची जागा आणि समोर बंद प्लॅस्टिकचं तोंड. आत रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड. समोर ४५ मिमी जाडीचा २८० चा (म्हणजे १४० मिमीच्या दोन पंख्यांचा) रेडिएटर, टाकी जोडलेला डी५ जातीचा पंप आणि १०/१६ ची (आतून १० मिमी, बाहेरून १६ मिमी) मऊ नळी. पंप पाणी फिरवतो, चिपवर बसवलेले ब्लॉक उष्णता पाण्यात घेतात आणि रेडिएटर ती हवेत सोडतो. मत आधीच सांगतो: हा खटाटोप ग्राफिक्स कार्डासाठी वसूल होतो, प्रोसेसरसाठी होत नाही. आणि निकाल महागड्या ब्लॉकवर ठरत नाही, समोरच्या पत्र्यात हवेला किती वाट करून दिली त्यावर ठरतो.

जुनं कॅबिनेट घ्यायला हरकत नाही, कारण मदरबोर्डाच्या मापांचं एटीएक्स मानक १९९५ चं आहे आणि बोर्डाच्या स्क्रूंच्या जागा आजही त्याच आहेत. ॲपलच्या पॉवर मॅक जी५ च्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याचे स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर बसतो ते छोटे खांब) एटीएक्सचे नाहीत, ते उखडून नवे चिकटवावे लागतात. (२००४ च्या २.५ गिगाहर्ट्झ जी५ मध्ये कारखान्यातूनच लिक्विड कूलिंग होतं आणि त्यातली बरीच मशिन पुढे गळली. ओ-रिंगला, म्हणजे सांध्यातल्या रबरी कडीला, वय असतं, हे तिथून शिकण्यासारखं.) साध्या लोखंडी डब्याची खरी अडचण रुंदी. १५५ मिमी उंचीचा टॉवर कूलर घातला तर झाकण लागत नाही. पाण्याचा ब्लॉक तिथे सहज मावतो. प्रोसेसर फारसा थंड झाला नाही, तरी अशा डब्यात पाण्याकडे वळायला हे एकच कारण पुरेसं आहे.

कापाकापीचं आधी. ड्राइव्हचे सगळे पिंजरे काढावे लागतात. ३.२ मिमीच्या पॉप रिव्हेटवर त्याच मापाचं ड्रिल चालवलं की डोकं उडतं. पण जुन्या डब्यात पिंजरा हाच समोरच्या चौकटीचा आधार असतो. तो गेला की चौकट पिळते, झाकणाच्या खाचा जुळत नाहीत. २० × २० मिमीचा ॲल्युमिनियम अँगल वर-खाली आडवा रिव्हेट केला की प्रश्न मिटतो, आणि पाण्यासकट रेडिएटरचं वजनही त्यावरच येतं.

रेडिएटर ३६० चा (१२० मिमीच्या तीन पंख्यांचा) का नाही? तो जवळपास ४०० मिमी लांब असतो, मिड टॉवरच्या तोंडात बसत नाही. २८० चा रेडिएटर साधारण ३२० मिमी लांब आणि १४३ मिमी रुंद, म्हणजे सव्वापाच इंची ड्राइव्हच्या जागेत नेमका मावतो. पंख्यांचं क्षेत्रफळ ३६० च्या नव्वद टक्के मिळतं. १४० च्या पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १२४.५ मिमी, पण रेडिएटरच्या दोन पंख्यांमधलं अंतर कंपनीगणिक वेगळं असतं. म्हणून कागदी साचा हातातल्या रेडिएटरवरूनच काढा. कापायला बारीक दातांचं पातं लावलेला जिगसॉ बरा. ग्राइंडरने रंग जळतो आणि ठिणग्या उडतात. कापताना डब्यात काहीही ठेवू नका. लोखंडाचा कीस बोर्डाखाली अडकला की शॉर्ट ठरलेला. कडा कानशीने मारून, झिंक प्रायमर लावून, त्यावर रबरी पट्टी. प्रायमर टाळलेल्या कडा कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यात तांबरतात, कारण कापलेल्या जागी जस्ताचा थर उरलेला नसतो.

स्क्रूबद्दल सविस्तर, कारण रेडिएटर इथेच मरतो. पंखा २५ मिमी जाड. एम३ × ३० चा (३ मिमी जाड, ३० मिमी लांब) स्क्रू त्यातून ५ मिमी बाहेर येतो आणि तेवढाच आत जायला हवा. मध्ये पत्रा आणि रबरी वॉशर असेल तर त्याहून कमी जातो, तेही चालतं. पण पंखा न लावता रेडिएटर थेट पत्र्यावर कसायचा असेल, तर ५ किंवा ६ मिमीचाच स्क्रू लागतो. तिथे हाताशी असलेला ३० चा स्क्रू फिरवला, तर टोक पाण्याच्या चपट्या नळीत घुसतं. काही रेडिएटरमध्ये भोकाखाली संरक्षक पट्टी असते, सगळ्यांत नसते. काही रेडिएटरना एम३ ऐवजी ६-३२ चा इंची आटा असतो. दोन आटे फिरवून अडखळलं की थांबा, जोर लावू नका.

समोरच्या प्लॅस्टिकच्या तोंडाला जुन्या काळी फक्त खालून फट असायची. ती तशीच ठेवून आत कितीही चांगले पंखे लावले तरी रेडिएटर गुदमरतो. मधला भाग कापून तिथे निम्म्याहून जास्त उघडं क्षेत्र असलेली जाळी बसवावी, मागे नायलॉन फिल्टर. मागचं ८० चं भोक ९२ चं केलं. १२० चा पंखा मागच्या पोर्टच्या पट्टीला आडवा येतो.

जोडणीत नवख्यांना अडकवणाऱ्या दोन गोष्टी. जुन्या कॅबिनेटचा पॉवर एलईडीचा प्लग तीन पिनांचा, मधली रिकामी. नव्या बोर्डावर मात्र दोन पिना शेजारी असतात. प्लगवरची बारीक जीभ सुईने उचलून एक तार मधल्या खणात सरकवा, नवीन केबल लागत नाही. समोरचा ऑडिओ प्लग एसी'९७ या जुन्या ऑडिओ मानकाचा असेल तर तो बसतो, पण हेडफोन लावल्याचं बोर्डाला कळत नाही.

लूपमध्ये, म्हणजे पाण्याच्या फेऱ्यात, आधी कोण, नंतर कोण, यावर तासन्‌तास वाद घालण्यात अर्थ नाही. मिनिटाला १ लिटर प्रवाह असेल तर ७० वॅट उष्णतेने पाणी साधारण १ अंश तापतं. ३०० वॅट आणि ३ लिटर धरले तरी लूपच्या दोन टोकांत दीड अंशाचाही फरक पडत नाही. नळ्या कमीत कमी वळतील असा क्रम घ्या. फक्त टाकी पंपाच्या वर हवी. पंपाचं बेअरिंग पाण्यावरच वंगण घेतं, कोरडा चालला की संपलाच. फिटिंग (नळी जोडायची तोंडं) सगळी जी १/४ आट्याची, हातानेच आवळायची. पाण्याला आटा अडवत नाही, ओ-रिंग अडवते. पान्याने ती चिरडते. तांब्याच्या रेडिएटरबरोबर ॲल्युमिनियमचा ब्लॉक अजिबात घेऊ नका. एकाच पाण्यात दोन्ही धातू आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

कार्डाचा ब्लॉक घेताना कार्डाचं नाव पुरत नाही, त्याचा नेमका पीसीबी (सर्किटची पाटी) जुळावा लागतो. थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) पुस्तिकेत दिलेल्या जाडीचेच लावा. अर्धा मिलिमीटर जास्त झाला तरी ब्लॉक चिपवर नीट टेकत नाही, आणि दोष विनाकारण चिपवरच्या थर्मल पेस्टवर जातो.

नवा रेडिएटर गरम डिस्टिल्ड पाण्याने हलवून धुवा. आतला फ्लक्स (डाखकामाचा उरलेला मळ) निघेपर्यंत पाणी गढूळ येत राहतं. भरण्याआधी हवेच्या पंपाने अर्ध्या बारपर्यंत दाब देऊन अर्धा तास काटा बघावा. काटा उतरला तर गळती, आणि एक थेंबही न सांडता कळते. भरताना बोर्ड आणि कार्डाच्या केबल काढून, २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि एक काळी तार जोडून फक्त पंप चालवा. घरच्या आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात. बॅटरी वॉटरच्या बाटलीवरही नक्की काय लिहिलंय ते वाचा. डिस्टिल्ड पाणी, त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक, बस्स. दुधाळ रंगाची द्रावणं फोटोपुरतीच, त्यातले कण ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतात.

आता वापर. पूर्ण भारावर पाणी खोलीपेक्षा १२ अंशांच्या आसपास वर स्थिरावतं आणि कार्ड पाण्यापेक्षा आणखी १२ ते १५ अंश वर. खोली ३० वर असेल तर कार्ड पंचावन्नच्या आसपास, पंखे जेमतेम ऐकू येणारे. प्रोसेसर मात्र हवेच्या बऱ्या कूलरपेक्षा फारसा थंड नाही. त्याची उष्णता इवल्याशा चिपलेटमधून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या चिपमधून) निघते, अडथळा पाण्याच्या आधीच आहे. मे महिन्यात खोली ४० वर गेली की पाणी ५२ च्या पुढे. डी५ ला साधारण ६० ची मर्यादा दिलेली असते. विदर्भात एसीशिवाय वापरणार असाल तर कार्डाची पॉवर लिमिट (जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. गेममधल्या सेकंदाच्या फ्रेम थोड्या उतरतात, पाणी बऱ्यापैकी उतरतं. पावसाळ्यात दव धरेल का, असं बरेच जण विचारतात. धरत नाही, कारण पाणी खोलीपेक्षा थंड होतच नाही.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नका, ब्राउझर उघडला तरी पंखे उसळतात. १० के ओहमचा तापमानाचा सेन्सर पाण्यात आणि वेग त्याच्यावर. बोर्डावर त्यासाठी दोन पिनांचा हेडर नसेल तर ॲक्वाकॉम्प्युटरच्या क्वाड्रोसारखा कंट्रोलर लागतो. पंप पूर्ण वेगाने चालवला तर पातळ पत्रा घुमतो. पंपाखाली रबर आणि निम्म्याच्या आसपास वेग, तापमानात फरक जाणवत नाही.

पॉवर सप्लाय वर असणं इथे फायद्याचं ठरतं. गळतीचा थेंब त्याच्यावर पडत नाही. कार्डावर मात्र पडू शकतो, म्हणून प्रोसेसर ब्लॉकची फिटिंग अधूनमधून कोरड्या टिश्यूने पुसून बघावी. मऊ नळीतून पाणी हळूहळू उडतं, टाकीची पातळी महिन्याकाठी थोडी उतरते. ते गळती नव्हे. नळी काळ्या ईपीडीएम रबराची घ्या. पारदर्शक पीव्हीसीतला प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) सुटतो, नळी धुरकट होते आणि ब्लॉकमध्ये चिकट थर बसतो. फिल्टर महिन्याला धुवावा लागतो, रस्त्याकडेच्या खोलीत त्याहून लवकर.

एक भाग कंजुषी न करता घ्या: सर्वांत खालच्या बिंदूवर टी (तीन तोंडांचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह (पाणी सोडायची चावी). वर्षाने पाणी बदलताना टाकीचं झाकण उघडायचं, व्हॉल्व्हला नळीचा तुकडा लावून बादलीत सोडायचा आणि डबा समोर कलता करायचा. रेडिएटरच्या तळाशी अडकलेलं पाणी कलल्याशिवाय येत नाही.